धरणारी

औरंगाबादला लेकरांच्या दवाखान्यात शिकाऊ नर्सला सुई धरू देत नाहीत. तिनं फक्त लेकरू धरायचं. म्हणून टोचणारी सिस्टर सगळ्यांची ताई झाली आणि धरणारी सरू कसाईण. देवगाव रंगारीची पुतळाबाई तर सरू दिसली की नातीला पदराखाली झाकायची. आठ दिवस ती चार वर्षांची पोर सरूला बोचकारत, चावत, तिच्यावर थुंकत राहिली. आज पोरीला सुट्टी मिळाली. पुतळाबाईनं सिस्टरच्या हातावर पेढा ठेवला आणि सरूकडं वळून म्हणाली, "किडे पडतील तुझ्या हाताला." सरू पोरीच्या खाटेवरची चादर काढायला गेली. तिथं पोर चिंधीच्या बाहुलीचा हात गच्च दाबून बसली होती. "हलू नको गं, भवाने," ती आजीच्याच आवाजात खेकसली. पण तिचा अंगठा बाहुलीच्या मनगटावरून हळूहळू फिरत होता, सिस्टर सुई टोचताना सरूचा तिच्या मनगटावरून फिरायचा तसा.