निळ्या झिलईच्या ताटल्या

टेक्सासमधल्या शुगर लँडच्या नव्या घरी रविवारी महाराष्ट्र मंडळातली चार जोडपी जेवायला यायची होती. मटणाची फर्माईश त्यांचीच. नेमका नंदाच्या डॉक्टर नवऱ्याचा पेजर वाजला आणि तो हॉस्पिटलला पळाला. त्याने जपानहून मांडीवर सांभाळत आणलेल्या, हाताने घडवलेल्या निळ्या झिलईच्या ताटल्या तिने मांडल्या. पाहुण्यांनी भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो पाहिला. मग एकीची अॅसिडिटी उसळली, एकाला उपवास आठवला. कोकचे बंद कॅन तेवढे रिकामे करून सगळे उठले. नवऱ्याची गाडी दारात येताच नंदाने सगळ्या ताटल्यांना बोटांनी रस्सा फासून त्या सिंकमध्ये रचल्या. "जेवले ना पोटभर?" "हो. ताटल्या फार आवडल्या." तो सुखावला. कॉफीचा कागदी कप टाकायला त्याने कचऱ्याचा डबा उघडला. आत नुसते कॅन. हाड एकही नाही. झाकण लावून तो म्हणाला, "तू बस. मी घासतो."