पंखाचा पत्रा

नात युद्धातल्या लढाऊ विमानांच्या रंगांवर संशोधन करत होती. भिंतीवर आपल्या शौर्यपदकाखाली टांगलेला विमानाच्या पंखाचा पत्रा तिला काढून देताना आजोबांना चेव आला. "शत्रूचं राखाडी विमान, मी एकट्याने पाडलं! वैमानिक जळत्या अंगाने रांगत आला, काहीतरी बोंबलत होता. बंदुकीच्या दस्त्याने तोंडाचा चेंदामेंदा केला, तेव्हा कुठे गप्प झाला."

नमुन्यासाठी तिने रंग खरवडला. राखाडीखालून आपल्याच हवाई दलाचा हिरवा रंग निघाला. तिने पत्रा उजेडात धरला. गोळ्यांच्या भोकांच्या आतही राखाडी रंग ओघळला होता.

"आजोबा, हा रंग गोळ्या लागल्यानंतर दिलाय."

आजोबांनी भिंतीवरचं पदक उतरवलं.



"'दादा, मी आपलाच आहे,' एवढंच बोंबलत होता गं तो."