नाव लिहायची गरज नाही

जूनच्या पालकसभेत मुख्याध्यापकांनी नवी तक्रार पेटी दाखवली. चिठ्ठीवर नाव लिहायची गरज नाही, म्हणाले. पेटीच्या बरोबर वर नवा कॅमेरा होता. शिवाय मूल व्हॅनमध्ये बसलं की पालकांच्या मोबाईलवर लगेच मेसेज येणार होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, शिरोली एमआयडीसीत पॅकिंगला जाणाऱ्या श्यामलानंही.

गुरुवारी भर दुपारी कामावर तिला मुख्याध्यापकांचा फोन आला.

"पेटीत चिठ्ठी सापडली. 'व्हॅनवाले काका मला रोज सगळ्यात शेवटी सोडतात. मला भीती वाटते.' नाव न्हाय, पण आम्ही कॅमेरा बघितला की. तुमची अवनीच हाय."

श्यामलानं हातातली चिकटपट्टी बाजूला ठेवून पिशवी उचलली. "सर, तिला तिथंच बसवून ठेवा. मी निघालेच."

"आता कशाला येताय? पाचवीतली पोरगी आणि शाळेची बदनामी करतीया. समज दिली आणि लावून दिली घरला."

फोन बंद झाला आणि लगेच मेसेज वाजला.



'आपले पाल्य अवनी व्हॅनमध्ये सुरक्षित बसले आहे. व्हॅनमधील एकूण विद्यार्थी : १.'