कोर्टाच्या हिरवळीवरची शिळा

"दावा त्या ग्रंथालयातल्या बाईनेच ठोकलाय, हार्लनभाऊ. पैज लावा," फोनवरचा माणूस म्हणाला. "लेनोर किचेल. बाहेरून आलेली, चर्चची पायरी कधी चढली नाही. दुसरं कोण असणार?"

काचेपलीकडे बसलेल्या मेविसचा हात बटणावर गेला. फोन तोडायचा की चालू ठेवायचा, हे ती हार्लनच्या चेहऱ्यावरून ओळखायची. त्याचा रेडिओवरचा कार्यक्रम इतकी वर्षं तीच चालवत होती. आज त्या चेहऱ्यावर तिला काहीच वाचता येईना.

"बाबा रे, पैजा लावायला आपण घोड्यांच्या शर्यतीला आलेलो नाही," हार्लन म्हणाला आणि त्याने स्वतःच फोन तोडला.

मेविस चक्रावली. हार्लन प्रुएट असं बोलणारा माणूस नव्हता. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या त्या लहानशा जिल्ह्यात त्याच्या आवाजाशिवाय कुणाची न्याहारी पुरी होत नसे. कोर्टासमोरच्या हिरवळीवर बायबलातल्या दहा आज्ञांची ग्रॅनाइटची शिळा उभी राहिली, तीही त्याने रोज रेटा लावल्यामुळे. मग कुणीतरी नाव गुप्त ठेवून दावा केला: सरकारी जागेत देवाच्या आज्ञा नकोत, शिळा हलवा. तेव्हापासून हार्लनच्या तोफा थंडावल्या नव्हत्या.

"आपल्या आजोबांनी पाठ केलेल्या आज्ञा दगडावर दिसल्या तरी यांच्या पोटात दुखतं," तो म्हणायचा. मोठ्या शहरांतले टीव्हीवाले आले आणि अंगाला झेंडा गुंडाळून नाचणारा एकच माणूस साऱ्या देशाला दाखवून गेले, तेव्हा तर तो पेटलाच. "चर्चच्या बायकांनी त्यांना सरबत पाजलं, ते नाही दाखवलं!" त्यात खोटं काही नव्हतं. सरबत मेविसनेच केलं होतं.

आणि आता अचानक हा मवाळपणा. दोन-चार दिवस तो दावेदाराबद्दल एक वाकडा शब्द बोलला नव्हता. रेडिओ केंद्राचे मालक हॅस्केट यांचा मेविसला फोन आला.

"याला झालंय तरी काय? लोक भडकलेत. त्यानेच तर तो दावा केला नाही ना?"

"काहीतरीच काय, हॅस्केटसाहेब!"

"मग गप्प का आहे?"

"तेच मला कळत नाहीये," मेविस म्हणाली. ते अगदी खरं होतं.

त्याच संध्याकाळी कुणीतरी लेनोर किचेलच्या खिडकीवर दगड मारला. बातमी कळताच मेविस कोंबडी-भाताचं भांडं घेऊन तिच्याकडे गेली. लेनोर पायात चपला घालून काचा झाडत होती. भांडं ओट्यावर ठेवून मेविसही खाली बसली.

"मी नाही हो केला तो दावा, मेविसबाई," लेनोर म्हणाली. "पण हे सांगत फिरले तर ते दुसरं कुणीतरी शोधतील. म्हणून गप्प बसलेय."

"तू नाहीस, मला माहीत आहे."

"तुम्हाला कसं माहीत?"

मेविस खाली मान घालून काचा वेचत राहिली. एक बोटात घुसली, तेव्हा कुठे ती थांबली. लेनोरने पट्टी आणून दिली. घरी येताना मेविसने रस्ता बदलला. कोर्टावरून जावं लागू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी हार्लनने सुरुवातीलाच विषय काढला.

"काल आपल्या गावात एका बाईच्या घराची काच फुटली. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नकोस, हेही त्याच शिळेवर कोरलंय, दोस्तांनो. आणि दावेदारा, तू जो कोणी असशील, मी तुझ्याशी शेवटपर्यंत भांडेन. शिळा तिथेच राहिली पाहिजे, माझं मत बदललेलं नाही. पण तुझ्या वाट्याचे दगड दुसरीच बाई झेलतेय. एवढं ऐकून ठेव."

बोलताना तो सरळ काचेकडे बघत होता. जाहिरात सोडायला मेविसला उशीर झाला.

जाहिराती चालू असताना ती आत गेली. "हे कुणाला सांगत होतास?"

"ऐकणाऱ्याला."

"तुला माहीत आहे का, तो कोण आहे?"

हार्लनने कॉफीचा घोट घेतला. "मेविस, दावा करणारा देवाला मानत नसेल, असं वाटतं तुला?"

"मला का विचारतोस?"

"तुझे वडील पाद्री होते. म्हणून."

मेविस म्हणाली, "ते म्हणायचे, देवाचं वचन सरकारच्या हाती देऊ नका, पुढारी त्यावर कोपर टेकून फोटो काढतील."

हार्लन हसला. अनावरणाच्या दिवशी जिल्हाप्रमुखाने नेमकं तेच केलं होतं. "शहाणा माणूस होता. मला पटत नाही, पण शहाणा होता. जा, लाइन लाव."

ती परत आपल्या जागी आली. डोक्यातला गुंता सुटण्याऐवजी वाढलाच होता. याला काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं? ठाऊक असेल तर हा बोलत का नव्हता? आणि ठाऊक नसेल तर असा बघत का होता? दिवसभर तिने तीन चुकीचे फोन जोडले.

सुनावणीला सारं गाव लोटलं. लेनोर शेवटच्या बाकावर एकटी बसली होती. तिच्या शेजारी कुणी बसायला तयार नव्हतं. मेविस आणि हार्लन नेहमीसारखे एकत्र आले आणि मधल्या बाकावर बसले, तो कडेला, ती आतल्या बाजूला. पुढून हॅस्केट वळूनवळून हार्लनकडे संशयाने पाहत होते.

दावेदाराची वकील उभी राहिली. "न्यायमूर्ती, माझ्या अशिलाला आता नाव लपवायचं नाही. दुसऱ्या कुणाला त्याचा त्रास होऊ नये, अशी इच्छा आहे. ती व्यक्ती इथेच बसली आहे."

"मग त्या व्यक्तीने पुढे यावं," न्यायाधीश म्हणाले.

माना वळल्या. काही लेनोरकडे, बऱ्याचशा हार्लनकडे. तो जमिनीकडे बघत होता.

मेविस उठली. हार्लनने मान वर केली नाही. त्याने फक्त गुडघे बाजूला वळवले, तिला जायला वाट मिळावी म्हणून.