हात कुणी लावायचा

"लाभ, दोन, तीन, चार..."

"बाई, लाभ नाही. एक म्हना. तुम्ही तूर मोजून नाही राह्यल्या."

मंजुळाबाई थांबल्या. माजघरात सरकीचं पोतं आडवं टाकलं होतं आणि त्यावर हातावर हात ठेवून, तळवा रोवून त्या गुडघ्यांवर बसल्या होत्या. जन्मभर धान्याचं माप त्यांनी 'लाभ' म्हणूनच सुरू केलं होतं. 'एक' म्हणायला जीभ वळत नव्हती. समोर बसलेली धाकटी जाऊ, प्रतीक्षा, कालच वरवट बकालचं दोन दिवसांचं शिबिर आटोपून आली होती. बंद पडलेलं काळीज छाती दाबून कसं चालू करायचं, ते तिथे रबरी बाहुल्यावर शिकवलं होतं. घरात ते जमणारी ती एकटी, आणि तिचीही विद्या दोन दिवसांची.

ज्यांच्यासाठी हा खटाटोप चालला होता ते भगवंतराव, मंजुळाबाईंचे यजमान, अंगणात बाजेवर बसले होते. दिवाळीत छातीत कळ आली तेव्हा अकोल्याला नेऊन दोन स्प्रिंगा बसवल्या होत्या. पुन्हा होऊ शकतं, असं डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं. घर शेतात. एकशेआठची गाडी बोलावली तरी पांदणीच्या कच्च्या वाटेने इथवर यायला पाऊण तास. त्या पाऊण तासात काय करायचं, एवढाच प्रश्न होता.

आणि जिला ते येत होतं तिला हात लावता येत नव्हता. भगवंतराव प्रतीक्षेचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. या घरात भासऱ्याने धाकट्या भावजयीची सावलीही अंगावर पडू द्यायची नाही. अकरा वर्षांत दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. त्यांचा चहासुद्धा ती उंबऱ्यावर ठेवायची आणि मंजुळाबाई उचलून न्यायच्या. घरात मोबाइल आले, ट्रॅक्टर आला, रीत काही हलली नाही.

म्हणून साठीला टेकल्यावर मंजुळाबाई शिकायला बसल्या होत्या.

"कोपरं सरळ ठेवा. कनिक मळून नाही राह्यल्या. पुऱ्या आंगाचा भार टाका. दोन इंच खाली गेलं पाह्यजे."

"दोन इंच? माय वं, बरगडी मोडन ना त्याइची!"

"मोडली त मोडू द्या. बरगडी जुडते."

मंजुळाबाईंनी डोळे मिटले आणि दाबायला लागल्या. एक, दोन, तीन. बाराला दम लागला. पंधराला खांदे थरथरू लागले. सतराला हात कोपरातून दुमडले आणि त्या पोत्यावर तोंडघशी पडल्या. तीस व्हायला हवे होते. तिसांनंतर तोंडाने दोन श्वास, मग परत तीस, असं गाडी येईपर्यंत.

"सतरा," त्या पोत्यावरूनच म्हणाल्या. "सतरा होतात मले. तेवढ्यात भागन?"

प्रतीक्षेला खोटं बोलवेना. "नाही भागत, बाई."

मंजुळाबाईंना भीती वाटली. चाळीस वर्षं या माणसाचा संसार केला, आणि ऐन वेळेला आपलेच हात तेरानं कमी पडणार.

मग त्या गुडघा धरून उठल्या आणि अंगणात गेल्या. प्रतीक्षा दाराआड उभी राहिली.

"आयकलं का," मंजुळाबाई म्हणाल्या, "माह्याकडून काही होत नाही. वेळ आली त प्रतीक्षाले हात लावू द्या."

भगवंतराव पांदणीकडे पाहत राहिले. धाकटा भाऊ गोविंदा सकाळीच तुरीची पोती घेऊन खामगावला गेला होता. संध्याकाळशिवाय तो काही येणार नव्हता.

"लोकं काय म्हनतीन?" ते म्हणाले. "भावजयीनं उघड्या छातीवर हात ठेवले म्हनून! गोविंदाले काय तोंड दाखवू म्या?"

"तोंड दाखवाले जिते राहान तवा ना! जित्याची खोड मेल्याशिवाय..." बोलता बोलता मंजुळाबाईंनी जीभ चावली.

"मेलो त मेलो. तिले सांग, मले हात लावाचा नाही. साफ नाही म्हनतो म्या."

दाराआडून आवाज आला. अकरा वर्षांत भगवंतरावांनी तिचा चढा आवाज पहिल्यांदाच ऐकला. बोलली मात्र ती जावेशीच.

"बाई, त्याइले सांगा, त्या टायमाले त्याइले इचारनार कोन हाये?"

भगवंतरावांनी सदऱ्याचं वरचं बटण लावायला घेतलं. बटण काजात जाईना. डाव्या हाताची बोटं नीट वळत नव्हती. त्यांनी हात झटकला, खांदा चोळला, पुन्हा बटण धरलं. पौषातली थंडी होती, बाजेवर सावली होती, तरी त्यांच्या कपाळावरून घामाची धार निघून मिशीत उतरली.

"काही नाही," ते म्हणाले. "गॅस झाला असन."

"बाई, गाडीले फोन लावा," म्हणत प्रतीक्षा उंबरा ओलांडून बाहेर आली. तिने डोईवरचा पदर काढला आणि कमरेला खोचला.