तेलाचा हात

चित्रातल्या धाकटीच्या कपाळावर एक डोळा उगवला होता. तो थोरलीचा होता.

थोरलीने चष्मा पुसून पुन्हा चढवला. दोन भुवयांच्या मधून नाकाचं हाडही वर येऊ लागलं होतं. स्वतःचं नाक माणूस कुठेही ओळखतो.

"ताई, तुम्हीच काहीतरी करून ठेवलंय," धाकटी खुर्चीतून म्हणाली. दोघींचा नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं, तरी रडायचं असलं की ती अजून आधी आरशात बघून घ्यायची.

"मी? तुझं पाऊल या घरात पडलं त्या दिवशी माझं बाहेर पडलं. आज तू बोलावलंस म्हणून आले."

"उद्या यांच्या चित्रांचं प्रदर्शन आहे. चार लोक येणार. याच्याखाली 'चित्रकाराची पत्नी' अशी पाटी लागणार, आणि माझ्या कपाळातून तुम्ही बघताय."

"बघू दे की. पाटी खोटी तर ठरत नाही."

धाकटीची मुलगी खिडकीपाशी रंगांच्या नळ्या मांडत होती. तीही चित्रकारच, पण नव्या तऱ्हेची. तिला हसू आलं, ते तिने खोकल्यात दडवलं. "मोठी आई, बाबांनी खालचा चेहरा खरवडून काढला नव्हता का?"

"नाही. घाई होती त्यांना."

एरवी घाई हा शब्द त्या माणसाला माहीत नव्हता. थोरलीचा चेहरा रंगवायला त्याने अख्खा हिवाळा घेतला होता. एक पातळ थर द्यायचा, वाट बघायची, वाळला की त्यावर दुसरा. कातडीखाली रक्त फिरतंय असं वाटेपर्यंत तो थांबायचा. धाकटीचा चेहरा मात्र त्याने ती घरात आली त्याच दिवशी एका बैठकीत उरकला, त्याच कापडावर, थोरलीच्या तोंडावर. त्या दिवशी रंग घोटायला बसवलं थोरलीलाच. तिने मुकाट्याने घोटला. पांढऱ्यात हात आखडता घेतला आणि तेलात सढळ ठेवला. असा थर वर्षं उलटली की काचेसारखा होतो, मागचं सगळं दाखवतो. थोरलीला वाट बघता येत होती. तेही त्याच माणसाने शिकवलं होतं.

"झाकून टाकते मी," मुलगी म्हणाली. "चहा होईपर्यंत काम संपेल. हे अ‍ॅक्रिलिक, पाण्यात कालवायचं, बघता बघता वाळतं. बाबांच्या चित्रात उजेड खालून यायचा. आमचं सगळं वरच असतं, मोठी आई. आम्ही खाली काही ठेवतच नाही."

"बरं आहे. म्हणजे खालून कोणी वर यायची भीती नाही."

मुलीने फडकं हातात घेतलं आणि थबकली. "आधी स्पिरिटने पुसू का? मी तेलरंगाला कधी हात लावला नाही. तुम्हीच सांगा."

आवाज साधा होता. डोळे थेट बापाचे. थोरलीने फडक्यासाठी हात पुढे केला. ती खरं तेच सांगणार होती.

"त्यांना काय विचारतेस?" धाकटी म्हणाली. "रंग घोटण्यापलीकडे काय येतंय त्यांना?"

थोरलीने हात मागे घेतला.

"स्पिरिट नको गं बाळा," थोरली म्हणाली. "जुना रंग तहानलेला असतो. आधी जवसाच्या तेलाचा हात फिरव. चांगलं चोळून चोळून जिरव. मग फडक्याने टीप, आणि वर दे तुझा रंग."

तेलकट कढईत पाणी ठरत नाही, हे जिने कढई घासली आहे तिला सांगावं लागत नाही. या घरात भांड्यांना बाई होती.

मुलीने तेल चोळलं. रंगाचा पहिला हात घसरला, थेंब थेंब होऊन पळायला लागला. "सरकतोय हो."

"पातळ का लावतेस? जाड लाव. नव्या रंगाला जाडी शोभते."

मग मुलीने सुरीने रंग थापला, केस वाळवायचं यंत्र आणून त्यावर धरलं. डोळा गेला. नाक गेलं. धाकटीचं कपाळ नव्या भिंतीसारखं गुळगुळीत झालं. धाकटी उठून चित्राच्या पुढ्यात आली, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं.

"आता कशी दिसते मी?"

"तुझ्यासारखी," थोरली म्हणाली.

मायलेकी चहाला आत गेल्या. थोरली मागे राहिली. तिने कपाळाच्या कडेला नख लावून पाहिलं. दुधावरची साय उचलावी तसा रंग अलगद सुटून आला, आणि खालून तिच्याच डोळ्याचा कोपरा तिच्याकडे बघायला लागला. क्षणभर दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग तिने अंगठ्याने साय पुन्हा नीट बसवली.

"मोठी आई, चहा निवतोय," आतून हाक आली.

"आले. काय गं, उद्या तिथे चित्रांवर दिवे लावतात ना?"

"मोठे मोठे. जवळ गेलं तर चटका बसतो. का हो?"

"काही नाही. हल्ली गारवा सोसत नाही मला. माझी खुर्ची याच चित्रासमोर मांड."