जावयासाठी एक लांबलचक वाक्य

जावई इंग्रजी बोलणारा. लग्नापासून सासरेबुवा तोंडभर हसून त्याचं मराठीत स्वागत करत, "या बैलोबा, बसा!" आणि तोही तितकाच हसून हात मिळवी. एवढ्या अस्सल शिव्या फुकट जातात, हे काही त्यांना सहन होईना.

शेवटी त्यांनी इंग्रजीचा क्लास लावला. पहिल्या पातळीत 'तू वाईट आहेस' यापलीकडे मजल जाईना, म्हणून ते हट्टाने वरच्या पातळीपर्यंत गेले. तिथे शब्द जहाल होते आणि एकाच माणसाला तीन-तीन पोटवाक्यं जोडायची सोय होती.

"जावयासाठी या वयात एवढं कोण करतं हो!" शिकवणाऱ्या बाई गहिवरल्या.

रविवारी जेवणाच्या टेबलावर सासरेबुवांनी अस्खलित इंग्रजीत, एका दमात तोफ डागली. "ज्याने माझी भोळी मुलगी भुलवली, ज्याला साधा खिळा ठोकता येत नाही आणि ज्याचं घोरणं भिंतीपलीकडे ऐकू येतं, असा निर्लज्ज ऐतखाऊ तू आहेस!"

मुलीने डोळे मिटून घेतले. जावई पहिल्यांदाच हसला नाही.


"मराठीतलं जास्त लागायचं, बाबा," तो स्वच्छ मराठीत म्हणाला.